जिभेवरचा वण

आमच्या घरात एक वाक्य फार वापरलं जायचं. कुणाच्या लग्नाला जाऊन आलं, की आई चपला काढता काढता सांगायची, ‘समोरनं गेली, पर ओळख दाखवली न्हाई.’ कुणी भांडलं, कुणी शिवी दिली, ते ती चार दिवसांत विसरायची. ओळख न दाखवलेली माणसं मात्र तिला वर्षानुवर्षं लक्षात असायची, साडीच्या रंगासकट.

मला ते हास्यास्पद वाटायचं. मी साताऱ्यात इंग्रजी शाळेत जात होते. वडील फौजेत होते, आम्हाला शहरात घर होतं, आणि मला कुणी ओळख दाखवली नाही तर उलट बरंच वाटायचं. चौथीत ‘माय अंकल’ असा निबंध होता. मी लिहिलं, माझे मामा शेतकरी आहेत. ते पूर्ण खोटं नव्हतं. म्हसवडच्या बाजूला त्यांची थोडी जमीन आहे. पण वर्षातले सात-आठ महिने मामा आणि मामी मेंढरं घेऊन पश्चिमेकडे चालत असतात. ऊस तुटलेल्या रानात मेंढरं बसवतात, त्या रानाला लेंडीखत मिळतं, आणि मग पुढचं गाव. मेंढरांचं मी लिहिलं नाही. बाईंनी निबंधाला ‘गुड’ दिलं.

आज मी जनावरांच्या रोगांवर काम करणाऱ्या एका प्रयोगशाळेत आहे. माझं काम लाळ-खुरकुताच्या विषाणूवर आहे. गायी-म्हशींच्या तोंडात आणि खुरांत फोड येतात, लाळ गळते, दूध आटतं, तो हा रोग. या विषाणूच्या अंगावर प्रथिनांचं कवच असतं. त्यातल्या एका प्रथिनाचा एक फास कवचाबाहेर लोंबत असतो, सैल आणि हलता. हा फास फार बदलतो. या वर्षीचा पुढच्या वर्षी तसाच असेल याची खात्री नाही. लसीमुळे जनावराच्या रक्तात जे पहारेकरी तयार होतात, ते बऱ्याच अंशी या फासाचं रूप पाहून विषाणू ओळखतात. रूप फार बदललं, की त्यांना तो ओळखू येत नाही. पण त्याच फासाच्या मधोमध ओळीनं तीन कण असतात, ते सहसा बदलत नाहीत. पेशीच्या अंगावर एक प्रथिन असतं, त्याला धरायला विषाणूला हे तीन कणच लागतात. ते बदलले तर त्याला पेशीत शिरण्याचा हा नेहमीचा रस्ता राहत नाही.

हे मी इंग्रजीत शिकले आणि समजलं असं मला वाटलं. खरं तर ते मला मामीनं आधीच सांगितलं होतं. मी आठ-नऊ वर्षांची असताना एका सुट्टीत मेंढरांची कातरणी चालली होती. प्रत्येक कळपाच्या लोकरीवर ओळखायला रंगाचा पट्टा असतो. लोकर निघाली तसा रंगही गेला आणि सगळी मेंढरं सारखीच उघडी दिसायला लागली. ‘आता आपली कुठली ते कसं कळणार?’ असं मी विचारलं. मामी हसली. ‘रंगाचं काय घिऊन बसलीस बाय? त्यो लोकरीबरुबर जातुय. हितं बग.’ तिनं मेंढीचा कान माझ्या हातात दिला. त्याच्या कडेला कोकरूपणी दिलेला छोटा काप होता. ‘ह्यो जात न्हाई.’

हे सगळं मी एका गावात बोलले असते, तर काही कोकरं वाचली असती. निदान मला तसं वाटतं.

ते गाव इस्लामपूरच्या पुढे आहे. संक्रांत नुकतीच झाली होती. गावात लाळ-खुरकूत आल्याचा फोन आला आणि नमुने घ्यायला आमची गाडी निघाली. बरोबर माझे वरिष्ठ होते. त्यांना आम्ही सर म्हणतो. गाडीत त्यांनी नेहमीचं सांगितलं, ‘आपण नमुने घ्यायचे. मत द्यायचं नाही. लोक एक ऐकतात आणि दुसरंच पसरवतात.’ मी मान हलवली. मत न देण्याचा मला लहानपणापासून सराव होता.

गाडी थांबली ती दूध डेअरीच्या सचिवांच्या गोठ्यापाशी. सचिव मोठ्या आवाजाचे. आम्ही पांढरे कोट, टोप्या, मास्क चढवेपर्यंत त्यांचं बोलून झालं होतं.

‘आवं सर, वर्सातनं दोनदा टोचतो आमी. कानातलं बिल्लं बगा की. लस टोचल्याली हाय म्हंजी रोग भाइरनं आला, सरळ हाय. चार दिसांमागं ही मेंढरं मळ्यात बसली आन् आज जनावरं लाळ गाळाय लागली. लहान पोरगं बी सांगंल.’

मागे जमलेल्या लोकांतून कुणी म्हणालं, ‘मेंढक्यांनीच आणला. दुसरं कोण?’

लस टोचली होती म्हणून रोग बाहेरचा, हा हिशेब ऐकून मला पहिल्यांदा राग आला. लस वाया गेली असं मी म्हणणार नव्हते. तिच्यामुळेच कित्येक गायी हलक्यावर सुटतात. पण फासाचं रूप बदललेलं असेल, तर टोचलेल्या गावातही रोग शिरतो आणि त्याला मेंढरांची वाट बघावी लागत नाही. हे वाक्य माझ्याकडे इंग्रजीत तयार होतं. मराठीत ‘फास’ हा शब्दसुद्धा मला तेव्हा सुचला नव्हता. मी हातमोजे घातले.

सर गायीचं नाक धरत, मी तोंडात उजेड पाडून कापसाची काडी फिरवत असे. पहिल्या दोन गायींच्या जिभेवर ताजे फोड होते, कालचे-आजचे. तिसरीचा फोड फुटून लाल मांस दिसत होतं. शेवटी कोपऱ्यात एक तांबडी गाय होती. ती शांतपणे उसाचं वाढं चघळत होती, लाळ नव्हती. तिचं तोंड उघडल्यावर मी बॅटरी जवळ नेली. जिभेवर रुपयाएवढा एक फिकट, गुळगुळीत डाग होता. भोवतीची जीभ खरखरीत होती आणि तेवढी जागा सपाट. कडा मिटल्या होत्या. तो भरलेला वण होता, आठ-दहा दिवसांचा तरी.

मेंढरं येऊन चार दिवस झाले होते.

सचिवांच्या बायको शेणाची पाटी घेऊन उभ्या होत्या. त्या आपणहून म्हणाल्या, ‘हिनं धा दिसांमागं वैरण टाकली हुती. तोंड सारकं चाटायची. आता बरी हाय.’

‘तू आत जा,’ सचिव म्हणाले. ‘चा ठिव सरांना.’

त्या गेल्या. मी वहीत इंग्रजीत लिहिलं: जुना वण, सात दिवसांहून जास्त. सरांनी वहीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ‘हं’ म्हणून बाहेर पडले. ‘हं’ हे मत नव्हतं.

मग आम्ही मळ्यात गेलो. ऊस तुटून गेलेलं रान, कडेला जाळीची वाघर, त्यात मेंढरं. चुलीजवळ एक बाई वाकलेली होती. तिच्या पाठीवरून मला कळलं, पण मी स्वतःला सांगितलं की नसेल. मामा या वर्षी कुठल्या वाटेनं गेले ते मी आईला विचारलं नव्हतं.

मामी सरळ झाली. माझ्या तोंडावर मास्क होता, डोक्यावर टोपी होती, अंगावर गळ्यापासून गुडघ्यापर्यंत पांढरं. तिनं चालण्यावरून ओळखलं.

‘आगं बया, ही आपली बाय न्हवं?’ ती ओरडली. ‘आवं, बगा कोण आलंय!’

वाघरीतून मामांनी मान वर केली. सचिव माझ्याकडे वळले. ‘ओळखीच्या हायत व्हय मॅडम?’

मी नळीवर चिठ्ठी चिकटवत होते. चिठ्ठी नीट बसेना. ‘नाही,’ मी म्हणाले.

मामीनं पदर डोक्यावर ओढला आणि तिचा आवाज बदलला. ‘चुकलं बगा मॅडम. आमच्या नणंदंची पोर आशीच चालती. म्हून वाटलं.’

तिनं मला सांभाळून घेतलं. भर रानात, चार लोकांदेखत, मी नाकारल्यावर एका श्वासात. मला तो क्षण आठवला की अजूनही राग येतो, आणि तो फक्त माझाच येतो असं नाही. तिचाही येतो. तिनं मला खोटं पाडायला हवं होतं.

दोन मेंढ्या लंगडत होत्या. मामांनी एक धरली. ते माझ्याकडे न बघता मेंढीचा पाय माझ्या हाताला लागेल असा वर करत होते. खुराच्या फटीत फोड होता, ताजा, न फुटलेला. म्हणजे चित्र स्वच्छ होतं. रोग गावात आधी होता आणि मेंढरांना तो गावानं दिला होता. आणि त्याहून महत्त्वाचं, हा कळप आता हलवायचा नव्हता. लागण झालेला कळप रस्त्यावर काढला की जिथं जाईल तिथं रोग सोबत जातो. शिवाय अर्ध्या मेंढ्या व्यायला आल्या होत्या. मोठी मेंढी यातून लंगडत का होईना वाचते. कोवळ्या कोकराच्या मात्र काळजालाच हा विषाणू धरतो.

सचिव म्हणाले, ‘सांजच्या आत रान मोकळं पायजे.’

‘आवं, आठ दिस थांबू द्या,’ मामा म्हणाले. ‘गाबण मेंढ्या हायत. कुटं नीऊ ह्यास्नी चालवत?’

‘कुटं न्यायचं त्ये तुमी बगा. आणताना इचारलं हुतं व्हय आमाला?’

‘तुमीच बोलावलंय की सायेब. रानाला खत पायजे म्हून तुमचाच माणूस आला हुता.’

लोक हसले. सचिव हसले नाहीत. सर घड्याळात बघून म्हणाले, ‘लेखी रिपोर्ट येईल.’

हलवू नका. दोन शब्द होते. ते मराठीतच होते आणि मला येत होते. पण मी आत्ताच ‘नाही’ म्हणून बसले होते. आता तोंड उघडलं तर आवाजावरून सगळं बाहेर येईल असं मला वाटलं. मी बर्फाच्या पेटीचं झाकण लावलं. गाडी गावाबाहेर पडेपर्यंत मामीनं घोड्यावर भांडी चढवायला घेतली होती.

पंधरा दिवसांनी आई फोनवर रडत होती. मी शेजारी जेवत होते. फोन ठेवून ती म्हणाली, ‘वैनीची सात कोकरं गेली गं. दूध पिता पिताच पडत्यात म्हनं. त्या सांगलीकडच्या गावानं हाकलून दिलं, आन् वाटंतच मेंढ्या व्याल्या. आता कोरेगावकडं बिऱ्हाड टाकलंय.’

मी घास गिळला. आईला एवढंच माहीत होतं. मी तिथं होते हे मामीनं सांगितलं नव्हतं.

मार्चमध्ये प्रयोगशाळेत निकाल आला. फोडांतून घेतलेल्या नमुन्यांतल्या विषाणूंच्या त्या फासाची अक्षरं, एकेका कणाला एक अक्षर अशी, पडद्यावर ओळीनं लागली. गायींचा आणि मेंढरांचा विषाणू एकच होता. लसीतल्या फासाशी ताडून पाहिलं तर अक्षरं जागोजागी वेगळी, आणि मधली तीन जशीच्या तशी. शेजारचा सहकारी वाकून म्हणाला, ‘ब्यूटिफुल!’ मी उठून बाहेर गेले. आणखी एक मिनिट थांबले असते तर मी त्याला काहीतरी फेकून मारलं असतं. त्याची काही चूक नव्हती. मलाही आधी ते सुंदरच वाटायचं.

रिपोर्ट इंग्रजीत गेला. रोग कुठून कुठं गेला ते अक्षरांवरून ठरत नाही, म्हणून त्यात ते लिहिलं नव्हतं. ते ठरत होतं वणाच्या वयावरून, आणि वण माझ्या वहीत होता. हे गावाला जाऊन सांगूया का, असं सरांना विचारलं. ‘आता काय उपयोग? मेंढरं गेली, गायी बऱ्या झाल्या,’ ते म्हणाले. मग जरा थांबून, ‘जायचं तर स्वतःच्या रजेत जा.’

मी एक पान मराठीत लिहिलं. त्याला दोन संध्याकाळी लागल्या. शाळेत मला मराठीत नेहमी काठावरचे मार्क असत. ‘फास’ शब्द तेव्हा सापडला. नंतर कानाच्या कापाचं लिहिलं आणि उरलेलं आपोआप आलं.

रजा टाकून साताऱ्याहून पहिल्या एसटीनं इस्लामपूर आणि पुढे वडापच्या जीपनं गाव गाठलं. सकाळचं दूध घालायची वेळ होती. डेअरीपुढे किटल्यांची रांग होती, दाराशी सचिवांच्या बायको उभ्या होत्या. मी मास्क लावला नव्हता. सचिवांनी मला ओळखलं नाही, मग ओळखलं. ‘आवं मॅडम! या, या. चा घ्या.’

मी उभ्यानंच पान वाचायला लागले. ते दोन्ही हातांनी धरलं होतं. ‘प्रथिन’ शब्द आला तेव्हा रांगेतून कुणी विचारलं, ‘त्यानं फॅट वाढतंय का मॅडम?’ हशा झाला. मी थांबले, हशा संपू दिला आणि पुढे वाचलं. रंग आणि काप यांचं उदाहरण आलं तेव्हा मात्र लोक ऐकत होते. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मान डोलावली. ‘हां, हां. लस रंग बगती. बराबर.’

शेवटी मी पान घडी केलं आणि न वाचता म्हणाले, ‘तुमच्या गोठ्यातल्या तांबड्या गायीच्या जिभेवर भरलेला वण होता. तो मेंढरं यायच्या आधीचा आहे. रोग मेंढरांनी आणला नाही. तुमच्या गावात तो त्यांना लागला, आणि तुम्ही त्यांना तसंच रस्त्यावर काढलंत. सात कोकरं मेली.’

माझा आवाज एवढा चढलेला मी कधी ऐकला नव्हता. सचिवांनी रजिस्टर मिटलं आणि अगदी शांतपणे विचारलं, ‘सात मेली त्ये तुमाला कसं कळलं? मॅडम, तुमी कुनाच्या?’

‘त्या मेंढपाळांची भाची,’ मी म्हणाले. ‘सख्खी. त्या दिवशी नाही म्हणाले, ते खोटं होतं.’

मागून आवाज आला: ‘तरीच की!’

‘घरचीच साक्ष की रं ही!’

‘मामाचा पुळका आला व्हय आता?’

सगळे हसले, मघाचे म्हातारे गृहस्थसुद्धा. सचिवांना आता बोलायची गरजच उरली नव्हती. त्यांनी हात पुढे करून पुढची किटली घेतली. मी पांढऱ्या कोटात बोलले असते तर त्यांनी ऐकलं असतं. कोटातली बाई बोलली नाही, आणि जी बोलली तिच्या बोलण्याला किंमत नव्हती. हे त्यांनी माझ्यासाठी रचलेलं नव्हतं. रचलं मीच होतं.

फाट्यावर वडापची वाट बघत उभी होते, तेव्हा सचिवांच्या बायको वैरणीचा भारा घेऊन आल्या. इकडंतिकडं बघून थांबल्या.

‘तुमी म्हनला त्ये खरं हाय,’ त्या म्हणाल्या. ‘तांबडी आधीच आजारी हुती. मीच तिच्या म्होरची वैरण काढून दुसरीला टाकली हुती.’

मला संताप आला. ‘मग आत्ता तिथं का नाही बोललात? चार पावलांवर तर उभ्या होता!’

त्यांनी भारा डोक्यावर नीट केला. त्या रागावल्या नव्हत्या. ‘तुमी तरी तवा कुटं बोलला?’ असं म्हणून त्या निघून गेल्या.

पुढच्या रविवारी मी कोरेगावला गेले. बिऱ्हाड गावाबाहेर एका मोकळ्या रानात होतं. मामी वाचलेल्या कोकरांच्या कानांना काप देत होती. मला बघून तिनं ‘ये’ही म्हटलं नाही आणि ‘जा’ही म्हटलं नाही. मी तिला सगळं सांगितलं, डेअरी, पान, हशा, फाटा. ती ब्लेड पुसत ऐकत होती.

‘सांगितलंस व्हय,’ एवढंच म्हणाली. मग एक कोकरू माझ्याकडे सरकवलं. ‘धर ह्याला. घट्ट धर, हालू दिऊ नको.’

मी धरलं. त्याचं काळीज माझ्या तळव्याखाली धडधडत होतं. मामीनं कानाची कड दोन बोटांत धरून काप दिला, त्यावर हळद दाबली आणि सोडलं. मग दुसरं दिलं. सहावं की सातवं कोकरू माझ्या हातात होतं, तेव्हा मामा कळप घेऊन परत आले. मी उठून उभी राहिले. आमच्यात पाच-सहा पावलांचं अंतर असेल. ते माझ्या शेजारून गेले, काठी वाघरीला टेकवून ठेवली आणि माझ्या डोक्यावरून मामीला विचारलं,

‘मॅडमना चा दिला का?’